गणिताच्या मराठी-कन्नड पेपरांसाठी लाटेकचं फॉन्ट पॅकेज: बनवून झालं, आता सांभाळायचं कसं

खानापूर, निपाणी, चिकोडी, बेळगाव या पट्ट्यात गणिताचा पेपर म्हणजे एकाच पानावर मराठी, शेजारी कन्नड, मधेमधे इंग्रजी शब्द आणि त्यात वर्गमूळ, अपूर्णांक, कोनाची चिन्हं. हे सगळं नीट बसवायला लाटेक (मजकुरात कमांड लिहून छापील पान बनवणारी प्रणाली) बरं पडतं हे आता इकडच्या बऱ्याच शिक्षकांना आणि क्लासवाल्यांना कळलंय. मग कोणीतरी एकजण पुढे होतो, दोनतीन फॉन्ट गोळा करतो, एक स्टाइल फाइल (फॉन्ट आणि कमांड ठरवणारी लाटेकची फाइल) लिहितो, ती पेनड्राइव्हवरून आणि व्हॉट्सॲपवरून गावोगाव जाते आणि त्या दिवसापासून तो बिचारा पॅकेजचा मेंटेनर, म्हणजे सांभाळणारा, होऊन बसतो, कोणी विचारलेलं नसतं तरी. हा लेख त्या माणसासाठी आहे. कमांडची आणि फाइलींची नावं मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना ती इंग्रजीतच करायची हे सांगायला नको.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. लोक तुमचं पॅकेज वापरतात ते सुंदर फॉन्टसाठी नाही, तर गेल्या वर्षीचा पेपर यंदा उघडला की तसाच्या तसा यावा म्हणून. चार पानांचा पेपर चार पानांतच बसला पाहिजे, पाचव्या पानावर एक ओळ गेली तर झेरॉक्सचा हिशोब बिघडतो आणि फोन तुम्हाला येतो. म्हणजे तुम्ही दोन गोष्टी राखायच्या: कमांडची नावं आणि अक्षरांची मापं. लाटेक ज्याच्यावर उभं आहे ते टेक बनवणाऱ्या डोनाल्ड कनूथ यांनी १९९२ मध्ये स्वतःच्या कॉम्प्युटर मॉडर्न फॉन्टमधली काही अक्षरं पुन्हा काढली, ग्रीक डेल्टाचं वळण बदललं, पण कुठल्याही अक्षराची रुंदी, उंची, खोली (ओळीच्या खाली जाणारा भाग) बदलली नाही. त्यामुळे जुन्या डॉक्युमेंटची एक ओळसुद्धा इकडची तिकडे झाली नाही. आपण कनूथ नाही, पण शिस्त तीच ठेवायची.

आधी घरात काय काय आहे ते मोजा

पॅकेजमध्ये कुठले फॉन्ट आहेत, कुठून उतरवले, कुठली आवृत्ती, लायसन्स काय, हे एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून काढा. कंटाळवाणं आहे पण दोन वर्षांनी हीच फाइल तुम्हाला वाचवते. फॉन्टची आवृत्ती फॉन्टच्या आतच लिहिलेली असते, टेक लाइव्हसोबत (टेक, लाटेक आणि पॅकेजं एकत्र देणारा संच) येणाऱ्या ओटीएफइन्फो या टूलनं ती बघता येते, फाइलच्या नावावर विश्वास ठेवू नका.

लायसन्सचं म्हणाल तर एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स म्हणजे ओएफएल असलेले फॉन्ट घ्या आणि सुखानं झोपा. आयआयटी मुंबईचा शोभिका, गुगलचे नोटो सेरिफ देवनागरी आणि नोटो सेरिफ कन्नड, टीरो देवनागरी मराठी आणि त्याच घरातला टीरो कन्नड, हे सगळे ओएफएलवाले. माझं मत विचाराल तर दोन लिप्या शेजारी लावायच्या असतील तर एकाच घरातली जोडी घ्यावी. दिसायला टीरोची जोडी लई छान आहे, पण तिच्यात बोल्ड नाही, फक्त रेग्युलर आणि इटॅलिक. पेपरात तर "कोणतेही चार प्रश्न सोडवा" हे ठळक पाहिजेच, म्हणून पेपरासाठी शेवटी नोटोच कामाला येतो. खोटा बोल्ड करण्याची सोय फॉन्टस्पेक या फॉन्ट लोड करणाऱ्या पॅकेजमध्ये आहे, ती वापरू नका, जोडाक्षरांतल्या बारीक जागा बुजून जातात.

ओएफएलमध्ये एक गाठ आहे ती नीट बघा. फॉन्टच्या मालकानं नाव राखीव ठेवलं असेल तर फॉन्टमध्ये काहीही बदल करून तो त्याच नावानं वाटता येत नाही. एखादं अक्षर आवडलं नाही म्हणून फॉन्ट एडिटरमध्ये उघडून ठीक केलंत तर नाव बदला, नाहीतर फॉन्टला हात न लावता तसाच्या तसा ठेवा. मी तर म्हणतो हात लावूच नका, दुरुस्ती मूळ फॉन्टवाल्यांना कळवा. लायसन्सची फाइल फॉन्टसोबत गेलीच पाहिजे. तुम्ही स्वतः लिहिलेल्या स्टाइल फाइली मात्र एलपीपीएल म्हणजे लाटेकच्या लायसन्सखाली ठेवा आणि रीडमीमध्ये दोन्ही वेगवेगळं सांगा: फॉन्ट या लायसन्सखाली, कोड त्या.

आणि श्रीलिपी, आकृती, नुडी यांचे जुने बिगर-युनिकोड फॉन्ट पॅकेजमध्ये घ्या म्हणून कोणी मागे लागलं तर सरळ नाही म्हणा. त्यांच्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी किंवा कन्नडचे तुकडे बसवलेले असतात. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग पुढचं बघू म्हणून सांगा.

फोल्डरची मांडणी

टेकचा एक ठरलेला फोल्डर-ढाचा आहे, टीडीएस म्हणतात त्याला. ओपनटाइप फॉन्ट फॉन्ट्स फोल्डरातल्या ओपनटाइपमध्ये, ट्रूटाइपवाले ट्रूटाइपमध्ये, स्टाइल फाइल टेक-लाटेकखाली तुमच्या पॅकेजच्या नावाच्या फोल्डरात, माहितीपत्रक डॉकमध्ये. हा ढाचा तसाच्या तसा घरच्या टेक्सएमएफ फोल्डरात (टेक आपल्या फाइली जिथं शोधतं तिथं) बनवून त्यातच काम करा, म्हणजे वाटायची वेळ आली की नवं काही रचावं लागत नाही. फाइलींची नावं सगळी लहान लिपीत, मधे स्पेस नाही. विंडोजला लहान-मोठ्या लिपीचा फरक कळत नाही म्हणून तिथं सगळं चालतंय, तीच फाइल ओव्हरलीफवर (ब्राउझरमध्ये लाटेक चालवणारी साइट) किंवा लिनक्सवर टाकली की फॉन्ट सापडत नाही म्हणून बोंब.

कुठली फाइल खरंच उचलली जातेय हे बघायला केपीएसईविच हा कमांड आहे, त्याला फाइलचं नाव द्या, तो पूर्ण पत्ता सांगतो. "मी नवं पॅकेज टाकलं तरी जुनंच यायलंय" या तक्रारीत बहुतेक वेळा घरच्या फोल्डरात एक विसरलेली जुनी प्रत असते आणि टेक तीच आधी उचलतं.

फॉन्ट लोड करणं

इंजिन, म्हणजे टेक फाइलीची पीडीएफ बनवणारा प्रोग्राम, लुआलाटेक धरा, झीलाटेक जोडीला चालू ठेवा (त्यांच्या आत लुआटेक आणि झीटेक असतात). फॉन्ट कधीही सिस्टिमच्या नावानं बोलवू नका, फाइलच्या नावानं बोलवा, एक्स्टेन्शन वेगळं आणि रेग्युलर-बोल्डच्या फाइली वेगवेगळ्या सांगून. कारण प्रत्येकाच्या मशीनवर त्याच नावाचा वेगळ्या आवृत्तीचा फॉन्ट असू शकतो, आणि झीटेकला तर टेक्सएमएफमधला फॉन्ट नावानं सापडेलच असं नाही. या एका सवयीनं अर्ध्या तक्रारी येतच नाहीत.

फॉन्टस्पेकला स्क्रिप्ट देवनागरी आणि लँग्वेज मराठी हे दोन्ही सांगा. लँग्वेज सांगितली नाही तर बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. महाराष्ट्र शासनाचा प्रमाण देवनागरीचा २००९ चा निर्णय इकडे कर्नाटकात लागू नाही, तरी मराठी शाळेतल्या बाई तो ल बघून लगेच विचारतात, हा कुठला ल ओ? फॉन्टमध्ये मराठीची वेगळी सोय नसेल तर फॉन्टस्पेक लॉगमध्ये (पेपर बनताना तयार होणाऱ्या नोंदींच्या फाइलीत) तसं सांगतं आणि नेहमीची वळणं वापरतं. हा इशारा दाबून टाकू नका, वापरणाऱ्याला दिसू द्या.

लुआलाटेकमध्ये मजकुराच्या फॉन्टला रेंडरर, म्हणजे अक्षरं जोडून मांडणारा भाग, म्हणून हार्फबझ लावा. लुआएचबीटेक हे इंजिन टेक लाइव्ह २०२० पासून लुआलाटेकच्या मागे आहे, त्यामुळे वेगळं काही टाकावं लागत नाही. देवनागरीचा रफार आणि कन्नडचा अर्कावत्तु (तिथला रफार), ओत्तक्षर (खाली लागणारं जोडाक्षर) हे सगळं त्याच्याकडून भरवशानं होतं. पण हे फक्त मजकुराच्या फॉन्टला. सगळ्या फॉन्टसाठी म्हणून एकदाच वर लिहून टाकायचा मोह होतो, तसं करू नका, गणिताच्या फॉन्टचा मार्ग वेगळा आहे.

पॅकेजच्या आतून बेबल किंवा पॉलिग्लॉसिया (भाषांची सोय करणारी पॅकेजं) लोड करायचं का, यावर माझं उत्तर नाही. वापरणाऱ्याला जे पाहिजे ते तो लोड करील, तुम्ही फक्त फॉन्टच्या फॅमिली द्या. मराठी आणि कन्नड दोघांचे हायफनेशनचे (ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे) नियम टेक लाइव्हमध्ये आहेतच. लुआलाटेक वापरणाऱ्यांना बेबलचा ऑनकॅरचा पर्याय सांगा, त्यानं लिपी बदलली की फॉन्ट आपोआप बदलतो, प्रत्येक कन्नड शब्दाभोवती कमांड घालत बसावं लागत नाही.

गणिताचा भाग, इथं वेळ द्या

गणिताचा फॉन्ट म्हणजे ज्याच्यात ओपनटाइपचं मॅथ टेबल आहे तो. हे टेबल मायक्रोसॉफ्टनं ऑफिस २००७ आणि कॅम्ब्रिया मॅथसोबत आणलं, नंतर टेकवाल्यांनी ते उचललं. अपूर्णांकाची रेघ किती जाड, घातांक किती वर, मूळचिन्हाच्या वर किती जागा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. म्हणून नोटो देवनागरीला गणिताचा फॉन्ट करता येत नाही, त्याच्यात ते टेबलच नाही. युनिकोड-मॅथ पॅकेज घ्या आणि लॅटिन मॉडर्न मॅथ, स्टिक्स टू मॅथ, लिबर्टिनस मॅथ यातला एक निवडा. नोटो सेरिफसारख्या भरीव अक्षरासोबत लॅटिन मॉडर्न फार बारीक दिसतो, स्टिक्स टू बरा बसतो, निदान माझ्या डोळ्याला. एकदा निवडलात की मग बदलू नका.

आता खरी अडचण. मराठी माध्यमात लसावि, मसावि, कन्नड माध्यमात लसाअ, मसाअ. शिक्षक हे ऑपरेटरनेम (सूत्रात साइन, कॉससारखी नावं लिहिणारा) कमांडनं लिहायला जातात आणि छापील पानावर कधी चौकोन येतात कधी नुसती मोकळी जागा, कारण ऑपरेटरनेम गणिताचा फॉन्ट वापरतो आणि त्यात देवनागरी नाही. उपाय असा की पॅकेजमध्येच एक कमांड द्या, जो आत एएमएसमॅथ या गणिताच्या पॅकेजचा टेक्स्ट कमांड वापरून शब्द मजकुराच्या फॉन्टमध्ये बसवतो आणि बाहेरून मॅथऑप लावतो, म्हणजे शब्दाच्या दोन्ही बाजूची जागा ऑपरेटरसारखी पडते. टेक्स्ट कमांडचा फायदा हा की पादांकात (खाली लिहिलेल्या छोट्या अक्षरांत) गेला की अक्षर आपोआप लहान होतं. आतमध्ये मराठीची फॅमिली नावानं सांगून ठेवा, नाहीतर कन्नड परिच्छेदात लसावि लिहिला की पुन्हा चौकोन.

पादांकाचं म्हणाल तर दहा पॉइंटच्या मजकुरात पादांक सात पॉइंटचा आणि पादांकाचा पादांक पाच पॉइंटचा असतो. इंग्रजी एक्स-वायला ते चालतं, पण क्षेत्रफळाच्या खाली "वर्तुळ" लिहिलं की सात पॉइंटमध्ये तो रफार आणि उकार बघायला भिंग लागतं, त्यात झेरॉक्सची झेरॉक्स. डिक्लेरमॅथसाइझेस कमांडनं ते आठ आणि सहा करता येतात. पण त्यानं सगळ्याच सूत्रांची रुंदी बदलते, म्हणून हे डीफॉल्ट करू नका, पॅकेजचा पर्याय म्हणून द्या, ज्याला पाहिजे तो मागेल.

आकड्यांचा वाद तर संपतच नाही. काहींना सूत्रातसुद्धा १, २, ३ देवनागरी पाहिजेत, काहींना नकोत. दोन्ही बाजूंना समजावत बसण्यापेक्षा पर्याय द्या. पॉलिग्लॉसियात आकडे बदलणारं मॅपिंग आहे पण तसली टेककिट मॅपिंगं झीटेकमध्येच चालतात, लुआटेकमध्ये नाही, म्हणून त्या वाटेनं जाऊ नका. देवनागरी फॉन्टला एक वेगळा सिम्बॉल फॉन्ट म्हणून डिक्लेर करा, मग ० ते ९ या दहा अक्षरांचे मॅथकोड त्या फॉन्टकडे वळवा. दोन्ही इंजिनांत चालतं आणि शिक्षकानं सूत्रात थेट ५ टाइप केला की तोच ५ येतो.

आकार जुळवण्यासाठी फॉन्टस्पेकचा मॅचलोअरकेस पर्याय लोक डोळे झाकून लावतात. तो इंग्रजी छोट्या एक्सची उंची बघून माप काढतो. देवनागरीला छोटी-मोठी लिपी नाही, आणि फॉन्टमधली ती उंची कुणी काय भरलीय याचा भरवसा नाही, त्यामुळे फॉन्टची आवृत्ती बदलली की तुमचं मापही गुपचूप बदलू शकतं. एक ठरावीक आकडा लिहा, कागदावर छापून बघून, आणि तो आकडा माहितीपत्रकात नोंदवा. ओळींमधलं अंतरही थोडं वाढवावं लागतं, कारण कन्नडात अक्षराच्या खाली अक्षर लोंबतं आणि देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार एकत्र येतात.

चाचण्या, म्हणजे झोपेची गोळी

लाटेकच्याच टीमचं एल३बिल्ड नावाचं टूल आहे. त्यात चाचणीची फाइल लिहायची, एकदा सेव्ह करायचं, मग प्रत्येक बदलानंतर चेक चालवलं की आधीचा निकाल आणि आत्ताचा निकाल यात फरक पडला तर ते ओरडतं. इंजिनच्या यादीत लुआटेक आणि झीटेक दोन्ही टाका.

फॉन्ट पॅकेजसाठी चाचणी काय लिहायची? चित्रं तुलना करत बसू नका. काही निवडक शब्द एकेका डब्यात (टेकच्या बॉक्समध्ये) ठेवा आणि त्यांची रुंदी, उंची, खोली लॉगमध्ये छापा. फॉन्ट बदलला, फीचर बदललं, रेंडरर बदलला, तर हे आकडे बदलणारच. शब्द मात्र विचार करून निवडा: श्री, ज्ञान, क्षेत्र, विठ्ठल, ॲप, ऑगस्ट, बाळ, आणि मराठीचा हक्काचा चुकार, म्हणजे 'र'चा तो आडवा फटका. दऱ्या आणि दर्या हे दोन्ही शब्द चाचणीत पाहिजेतच. त्यातही गंमत अशी की दऱ्यातला तो आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हेनं लिहिता येतो: एक, नुक्त्याच्या ऱ ला हलंत लावून, दोन, साध्या र ला हलंत आणि त्यापुढे न दिसणारा झेडडब्ल्यूजे म्हणजे जोडणारा वर्ण लावून. कुणाचा कीबोर्ड एक देतो, कुणाचा दुसरा, आणि दिसायला सारखेच. दोन्ही लिहून बघा, दोन्हींची रुंदी सारखी आली पाहिजे. शिवाय मजकूर इकडून तिकडे कॉपी होताना तो न दिसणारा वर्ण कधीकधी गळून पडतो आणि दऱ्याचा दर्या होतो, मग दोष फॉन्टला. कोणी अशी तक्रार आणली तर आधी मूळ फाइलमधले कोड बघा, फॉन्टकडे नंतर जा.

कन्नडसाठी अर्कावत्तुचे दोन शब्द, ओत्तक्षराचे दोन, आणि एक तीन व्यंजनांचं जोडाक्षर ठेवा. शब्द एखाद्या कन्नड शिक्षकाकडून तपासून घ्या, आपल्या अंदाजावर जाऊ नका.

चाचणीत आणि वापरणाऱ्याच्या पेपरातसुद्धा ट्रेसिंगलॉस्टकॅर्स ३ करून ठेवायला सांगा. टेक लाइव्ह २०२१ पासून ३ दिलं की न सापडलेलं अक्षर सरळ एरर म्हणून थांबवतं. पेपर छापून वर्गात वाटल्यावर लसावि गायब दिसण्यापेक्षा हे बरं.

पीडीएफमधून मजकूर कॉपी होतोय का तेही बघा. झीटेकमध्ये त्यासाठी ॲक्च्युअलटेक्स्ट (अक्षरांमागचा मूळ मजकूर पीडीएफमध्ये ठेवणारी सोय) चालू करायचा एक स्विच आहे, तो चालू करून द्या. प्रश्नपेढी बनवणारे लोक पीडीएफमधूनच प्रश्न उचलतात, वेलांट्या मागेपुढे झाल्या की त्यांचं डोकं फिरतं.

नवा फॉन्ट आला, आता काय

नोटोची नवी आवृत्ती आली म्हणून लगेच जुन्याच्या जागी टाकू नका. आधी वेगळ्या फोल्डरात ठेवा, चाचण्या चालवा. आकडे तसेच राहिले, म्हणजे फक्त एखादा आकार सुधारलाय, तर घ्या आणि बदलांच्या यादीत एक ओळ लिहा. आकडे बदलले तर हा मोठा बदल आहे, पॅकेजची आवृत्ती १ वरून २ होते, आणि जुन्या फॉन्टफाइली वेगळ्या नावानं पॅकेजमध्येच राहतात. फाइलचं नाव बदललं तरी आतला फॉन्ट तसाच ठेवायचा, म्हणजे राखीव नावाचा प्रश्न येत नाही.

जुनी आवृत्ती मागायची सोय लाटेकमध्ये २०१८ पासून आहे. स्टाइल फाइलच्या सुरुवातीला डिक्लेररिलीझनं जुन्या आवृत्त्यांची यादी द्यायची, डिक्लेरकरंटरिलीझनं चालू आवृत्ती सांगायची, आणि जुन्या आवृत्तीची स्टाइल फाइल वेगळ्या नावानं सोबत ठेवायची. मग शिक्षकाला आपल्या जुन्या पेपरात युजपॅकेजच्या शेवटी चौकोनी कंसात बरोबरचं चिन्ह देऊन आवृत्तीचं नाव लिहिलं की झालं. एवढी एक ओळ माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक लिहा. निपाणीच्या एका सरांचं म्हणणं, "तुमचं नवीन बिवीन राहू दे ओ, माझा मार्चचा पेपर हलायला नको." त्यांना एवढी एकच ओळ लागते.

कमांडचं नाव आवडलं नाही म्हणून बदलू नका. बदलायचंच असेल तर जुनं नाव नव्याकडे वळवून ठेवा, लॉगमध्ये एक हळू इशारा द्या, आणि ते जुनं नाव कधीच काढू नका. एका ओळीचा खर्च आहे.

पीडीएफलाटेकवाले जुने लोक

इंग्रजी माध्यमाचे पेपर अजून बरेच जण पीडीएफलाटेक या जुन्या इंजिनमध्येच करतात आणि त्यात काही वाईट नाही. देवनागरी मात्र तिथं थेट होत नाही, फ्रान्स वेल्टहाउस यांचा १९९१ पासूनचा प्रीप्रोसेसर आहे पण नव्या माणसाला त्यात घालू नका. इंग्रजी फॉन्ट पीडीएफटेकसाठी द्यायचाच असेल तर चार तऱ्हेच्या फाइली लागतात: मापांची टीएफएम, प्रत्यक्ष आकारांची पीएफबी, कुठल्या एन्कोडिंग-फॅमिलीला कुठली टीएफएम हे सांगणारी एफडी, आणि टीएफएमची पीएफबीशी गाठ घालणारी मॅप. ओपनटाइप फॉन्टवरून हे सगळं ऑटोइन्स्ट नावाचं टूल बनवून देतं, हातानं करू नका.

इथली नेहमीची कटकट मॅपची. मॅपची ओळ नसली की टेक बिटमॅप बनवायला जातं आणि फसतं. मॅप चालू करताना अपडीमॅप-सिस वापरा, अपडीमॅप-युजर कधीच नको. एकदा का युजरवालं चालवलं की त्या माणसाच्या घरच्या फोल्डरात मॅपची स्वतंत्र प्रत तयार होते आणि पुढे सिस्टिममध्ये कितीही नवे फॉन्ट टाका, त्याला दिसत नाहीत. कोणाच्या मशीनवर असं झालं असेल तर त्याच्या घरच्या टेक्सएमएफ-व्हारमधल्या त्या मॅप फाइली आणि घरच्या कॉन्फिगमधली अपडीमॅप फाइल काढून टाका, सगळं जागेवर येतं.

सीटॅनवर चढवणं

व्हॉट्सॲपवर झिप फिरवत राहिलात तर कोणाकडे कुठली आवृत्ती आहे याचा पत्ता राहत नाही. सीटॅनवर, म्हणजे टेकच्या पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावर, चढवा, तिथून ते टेक लाइव्ह आणि मिकटेक (तसाच दुसरा संच) यांत जातं. झिपमध्ये पॅकेजच्या नावाचा एकच वरचा फोल्डर, त्यात रीडमी, माहितीपत्रकाची पीडीएफ आणि तिचा सोर्स. लॉग, ऑक्स असल्या फाइली नकोत, मॅकवरून झिप केली तर त्यातल्या लपलेल्या फाइली काढा. फाइलींची नावं टेक लाइव्हमधल्या दुसऱ्या कुठल्या फाइलीशी धडकायला नकोत, म्हणून सगळ्यांच्या पुढे पॅकेजचं नाव लावा, फॉन्ट.एसटीवाय किंवा मराठी-टेस्ट असली मोघम नावं ठेवू नका. एल३बिल्डचा सीटॅन कमांड ही झिप बनवून देतो. फॉन्ट आधीच टेक लाइव्हमध्ये असेल तर दुसरी प्रत कशाला, असं वाटेल, आणि ते बरोबर आहे, पण मग त्या फॉन्टची आवृत्ती तुमच्या हातात राहत नाही. पेपराचं पान हलू द्यायचं नसेल तर ठरवून निवडा.

वेळेचं भान ठेवा. टेक लाइव्हची नवी आवृत्ती दरवर्षी साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास येते आणि त्याआधी जुनी गोठवली जाते. नेमका तोच आपल्या परीक्षांचा हंगाम. मोठा बदल जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर सोडा, फेब्रुवारीत फक्त अगदी अडलेली दुरुस्ती. ओव्हरलीफवर नवी आवृत्ती आणखी उशिरा पोचते हेही लोकांना आधीच सांगून ठेवा.

तक्रारी आणि पुढचा माणूस

"सर, चौकोन यायलेत ओ" असा फोन आला की स्क्रीनचा फोटो मागू नका. तीन गोष्टी मागा: लॉगची पूर्ण फाइल, दहा-बारा ओळींत तोच चौकोन दाखवणारी छोटी टेक फाइल, आणि पेपराच्या सुरुवातीला लिस्टफाइल्स लिहून मिळणारी पॅकेजांची यादी. छोटी फाइल बनवता बनवता अर्ध्या लोकांना आपलं उत्तर सापडतं. ज्यांना नाही सापडत त्यांचा तो शब्द चाचणीत घाला, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाच आधी कळेल.

आणि एक दिवस तुम्हाला हे सोडायचं असेल, बदली होईल, नोकरी बदलेल, पुण्याला जाल. एलपीपीएलमध्ये यासाठी चालू मेंटेनर ही वेगळी जागा आहे. रीडमीत तुमचं नाव आणि चालणारा ईमेल चालू मेंटेनर म्हणून लिहिलेला असू द्या, आणि स्थिती "मेंटेन्ड" अशी. "ऑथर-मेंटेन्ड" लिहिलंत तर तुम्ही आणि लेखक दोघंही सापडेनासे झाल्यावर दुसऱ्या कोणाला नुसतं जाहीर करून पॅकेज पुढे चालवता येत नाही. मेंटेन्ड असेल तर तुम्ही सहा महिने सापडला नाहीत की पॅकेज बेवारस ठरतं, नव्या माणसानं तुम्हाला गाठायचा प्रामाणिक प्रयत्न करायचा, मग आपण हे चालवायला घेतोय असं जाहीर करायचं, आणि तीन महिन्यांत कोणी हरकत घेतली नाही तर पॅकेज त्याचं. त्या तीन महिन्यांची वेळच येऊ देऊ नका: जायच्या आधी फॉन्टची ती यादी, चाचण्या आणि सगळा सोर्स त्याच्या हवाली करा, एखादी छोटी आवृत्ती त्याच्याच हातून सीटॅनवर चढवून घ्या, आणि सीटॅनला तुमच्या ईमेलवरून कळवा की पुढची अपलोड यांच्याकडून येतील.